रा. रा. विषाणूराव यांस, वेलचेरीहून

राजमान्य राजेश्री विषाणूराव,
मुक्काम पोस्ट : माझे दोन्ही गुडघे, उजवं मनगट आणि गच्चीवरची भेंडी, वेलचेरी, चेन्नई.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या पावसाळ्यात (इथल्या पावसाळ्यात, तो दिवाळीच्या आगेमागे उगवतो आणि मार्गशीर्षापर्यंत हलत नाही) तुम्ही आमच्या घरी दोनदा येऊन गेलात. दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या वाटांनी, आणि दोन्ही वेळा न कळवता. आधी भेंडी पिवळी पडली, मग मी आडवी पडले. आम्ही परभणीकडची माणसं. आम्हाला पाहुण्यांचं वावडं नाही. पण पाहुण्याने दारात उभं राहून निदान स्वतःचं नाव तरी धड सांगावं, एवढी अपेक्षा असते. तुमच्याकडे तेही नाही. मागच्या वेळी ज्या नावाने ओळख झाली, ते पुढच्या वेळी चालेलच याची खात्री नाही.

तुमचं घराणं मोठं आहे, हे मी जाणून आहे. चिकुनगुनियावाले वेगळे, डेंगीवाले वेगळे, आणि भेंडीवाल्यांशी तर या दोघांची सोयरीक सोडा, तोंडओळखही नसेल. या दोघांचा संसार आरएनएवर, भेंडीवाल्यांचा डीएनएवर. तरी सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण खोड एकच आहे. शिवाय आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनीही तुमच्यात कधी भेदभाव केला नाही. मी कण्हत खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, ‘‘वायरल फीवर, मा.’’ पुढे नर्सरीवाल्या अण्णांना भेंडीचं पान दाखवायला नेलं, तर तेही पानाकडे न बघता म्हणाले, ‘‘वायरस, मा.’’ एकाने गोळ्या दिल्या, दुसऱ्याने कडुनिंबाचं तेल विकलं. निदान दोघांचंही बरोबर होतं. त्या निदानाचा उपयोग किती, हा प्रश्न तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही.

आधी भेंडीचं बोलू. माझ्या गुडघ्यांपेक्षा तिचा तुमच्याशी संबंध जुना आहे.

तुम्ही पान आतून पाहता, मी ते बाहेरून कसं दिसतं ते सांगते. सुरुवातीला एखाद्या कोवळ्या पानाची एखादीच शीर पिवळी होते. ऊन पडलं की तीच उठून दिसते, आणि न कळणाऱ्याला वाटतं, काय सुंदर नक्षी आहे! चार-सहा दिवसांत शिरांचं सगळं जाळं हळदीने रेखल्यासारखं पिवळंधमक होतं आणि मधल्या चौकटी तेवढ्या हिरव्या राहतात. मग त्याही जातात. झाड मरत नाही, हे तुमचं वैशिष्ट्य. ते उभं राहतं, फुलतं, भेंड्याही देतं. पण त्या फिकट, आखूड आणि अशा निबर, की चिरताना सुरीला दोर लागतात. आमच्याकडे याला हळद्या म्हणतात, कुणी केवडा म्हणतात. इतक्या मंगल नावांनी तुम्हाला हाक मारणारी माणसं दुसरीकडे मिळायची नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

तुमची पहिली लेखी नोंद आमच्याच जुन्या मुंबई इलाख्यातली आहे : 1924, नोंद करणारे कुलकर्णी. म्हणजे तुमची शंभरी उलटली. या शंभर वर्षांत आम्ही स्वस्थ बसलो नव्हतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ नावाची भेंडी आणली. तिच्यावर तुम्ही दिसत नाही म्हणून देशभर तीच पेरली गेली, आणि काही वर्षांत तुम्ही तिच्यावरही दिसू लागलात. मग आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या एका रानटी नातलगाशी पुसा सावनीचा संकर केला, पुढे कित्येक पिढ्या निवड करत नेली, आणि 1980च्या दशकाच्या मध्यावर ‘परभणी क्रांती’ बाहेर पडली. आमच्या गावाचं नाव त्या काळात बियाण्याच्या पिशवीवर देशभर फिरलं. परभणीच्या नावापुढे ‘क्रांती’ हा शब्द त्याआधी आणि त्यानंतर फारसा लागलेला नाही, त्यामुळे आम्हाला त्याचं कौतुक जरा जास्तच. तुम्ही तेही टिकू दिलं नाहीत. हळूहळू ठिकठिकाणच्या शेतांतून बातम्या आल्या : परभणी क्रांतीवर हळद्या दिसतोय.

यात तुमची हुशारी काय, ते मदुराईत उघडं पडलं. मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिलं, की भेंडी पिवळी करणारा गडी एकटा नाही. मुख्य विषाणूचा डीएनए जेमतेम पावणेतीन हजार अक्षरांचा. तो एकटा भेंडीत सोडला तर पानं थोडी मुरडतात, बाकी विशेष काही नाही. पण त्याच्यासोबत सुमारे साडेतेराशे अक्षरांचा दुसरा एक तुकडा असतो, बीटा सॅटेलाइट नावाचा. हा स्वतःची प्रतही स्वतः काढू शकत नाही, सगळ्या बाबतीत मुख्य विषाणूवर अवलंबून. मात्र दोघे एकत्र आले की मगच शिरा पिवळ्या पडतात. म्हणजे रोग एकाचा नव्हे, संगतीचा. आणि एकाच झाडात तुमच्या दोन-तीन भावकीतले विषाणू एकाच वेळी नांदत असले, की त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याचा सॅटेलाइट. तुमच्या वर्गीकरणाची समिती बिचारी टक्केवारी मोजत बसते : मुख्य डीएनए 91 टक्क्यांहून कमी जुळला, की तुमच्या या कुळात नवी प्रजाती जाहीर. नऊ टक्क्यांत नवा जन्म! आमच्याकडे रेशन कार्डावरच्या नावातली एक वेलांटी बदलायची तर याहून जास्त कागद लागतात.

आता मुद्द्यावर येते. तुमची एवढी रूपं पाहून आम्हा माणसांना वाटतं, की हा सगळा खटाटोप आमच्यासाठी चाललाय. आम्हाला छळायला, आमच्या लशी चुकवायला, आमच्या बियाण्यांचा सूड घ्यायला. वाहिन्यांवर तर तुम्हाला ‘चलाख’, ‘धूर्त’, ‘बहुरूपी शत्रू’ अशी विशेषणं रोज मिळतात. मीही आजारपणात पडल्या पडल्या तुमच्याविषयी बरंच वाचलं, आणि माझा पार अपमान झाला. तुमचं लक्ष आमच्याकडे नसतंच! आमच्या गुडघ्यांवर नाही, भेंडीच्या शिरांवर तर नाहीच. तुमचा जीव सगळा गाडीत अडकलेला. भेंडीवरून भेंडीवर जायचं तर पांढरी माशी हवी, माणसावरून माणसावर जायचं तर डास हवा. पांढऱ्या माशीच्या अंगात एकदा शिरलात, की तुम्ही बहुधा तिच्या मरणापर्यंत तिच्यासोबत राहता. डासाचंही तसंच. त्यांचं तुम्ही फारसं बिघडवत नाही. गाडीच मोडली तर पुढे जाणार कशाने? सगळा त्रास काय तो थांब्यावरच्या माणसांना आणि झाडांना.

तुमच्या चिकुनगुनिया शाखेने तर गाडी कशी बदलावी याचा वस्तुपाठच घालून दिला आहे, आणि त्यातला बराचसा भाग महाराष्ट्रातून जातो.

1963 मध्ये कोलकात्यात, 1964 मध्ये इथे मद्रासला, आणि 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत तुमची ही शाखा येऊन गेली. बार्शीत तपासणी झाली तेव्हा शंभरातल्या सदतीस-अडतीस जणांना लागण झालेली आढळली. त्यानंतर तुम्ही जे गडप झालात, ते तीसेक वर्षं. डॉक्टरांच्या एका पिढीने हे नाव फक्त पुस्तकात वाचलं. आणि 2005-06 मध्ये जे परतलात, ते एका वर्षात देशभर सुमारे 13.9 लाख संशयित रुग्ण करून. मालेगावात 2006च्या सुरुवातीला घरंच्या घरं वाकून चालत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तुमचे नमुने वाचले, तेव्हा कळलं की बार्शीला येऊन गेलेले तुम्ही आणि हे तुम्ही एक नव्हेच. आधीचे आशियाई वाणाचे, हे आफ्रिकी वाणाचे. आणि सगळ्यात गंमत अशी, की हे आफ्रिकी पाहुणे 2000 सालीच पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये एका डासात सापडलेले होते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं यवत! एसटीने बार्शीला जाणारा माणूस जिथून जातो तिथे तुम्ही पाच-सहा वर्षं आधी येऊन बसला होतात, आणि आम्हाला पत्ता नाही.

त्याच सुमाराला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तुम्ही जवळजवळ एक तृतीयांश वस्ती आजारी पाडलीत. तिथे तुमचा नेहमीचा डास, इडिस इजिप्ती, फारसा नव्हता. होता तो इडिस अल्बोपिक्टस, अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा टायगर डास. तुमची आणि त्याची आधी विशेष जवळीक नव्हती. मग तुमच्या सुमारे पावणेबारा हजार अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर बदललं. फक्त एक. त्यामुळे बाहेरच्या आवरणातल्या ई1 प्रथिनाच्या 226व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन आलं, आणि नव्या डासात तुमचं बस्तान कितीतरी सहज बसू लागलं. 2007 मध्ये केरळातही हाच बदल सापडला. तिथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्या पावसाने भरतात आणि त्यांत हाच डास वाढतो. इजिप्ती शहराचा, अल्बोपिक्टस झाडाझुडपांचा. एका अक्षरात तुम्ही गावापासून मळ्यापर्यंत पोचलात.

इथे जरा थांबून तुमचं अभिनंदन करते. आमच्या वेलचेरी स्टेशनपासून सेंट थॉमस माउंटपर्यंत पाचेक किलोमीटरची रेल्वे जोडायची ठरली, त्या कामाला दीड दशकाहून जास्त काळ लागला. खांब उभे राहिले, पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्नं झाली. तुम्ही एका अक्षरावर गाडी बदललीत.

मात्र फार फुशारू नका, कारण हीच गोष्ट उलट बाजूनेही वाचता येते. टायगर डास मूळचा आशियाचा. तुमचं आशियाई वाण दशकानुदशकं त्याच्या शेजारी राहिलं, तरी त्याला हे जमलं नाही. संशोधकांनी पुढे कारण शोधलं : त्याच ई1 प्रथिनात 98व्या जागी असलेल्या एका घटकामुळे आशियाई वाणात 226व्या जागचा बदल झाला तरी त्याचा उपयोगच होत नव्हता. समोर गाडी उभी, खिशात तिकीट, आणि दार उघडेना. इतकी वर्षं. याला चलाखी म्हणतात होय? चलाख असता तर आधी 98व्या जागचं अक्षर बदललं असतंत.

खरं सांगायचं तर तुम्ही काहीच ठरवत नाही. तुम्ही फक्त नक्कल करता, आणि ती गबाळी करता. आरएनएवाल्या विषाणूंची नक्कल दर दहा हजार ते लाख अक्षरांमागे एकदा चुकते, आणि चूक तपासायला कुणी नसतं. तापाच्या भरात माझ्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये तुमच्या कोट्यवधी, कधी अब्जापर्यंत प्रती असू शकतात. त्यांतल्या कितीतरींमध्ये काही ना काही चुकलेलं असणार. बहुतेक चुका निकामी, तिथल्या तिथे मेलेल्या. एखादी चुकून कामाची निघते. तिच्यावर आम्ही शोधनिबंध लिहितो, वाहिन्या चर्चासत्रं घेतात आणि तुमच्या नावापुढे ‘धूर्त’ लागतं. करोना कुटुंबाने निदान नक्कल तपासणारं एक विकर बाळगलं आहे, म्हणून त्यांच्या तीस हजार अक्षरांत त्या मानाने चुका कमी. मुद्रितशोधक ठेवणं मराठी मासिकांनाही परवडेनासं झालं आहे, त्यामुळे या बाबतीत करोनावाल्यांविषयी मला थोडा आदर आहे.

तो आदर वंडलूरने मात्र पुसून टाकला. वेलचेरीपासून वीसेक किलोमीटरवर, वंडलूरला, अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालय आहे. करोनाच्या ज्या बी.1.617 वाणाचे सुरुवातीचे नमुने 2020च्या ऑक्टोबरातले, महाराष्ट्रातले होते, त्याच्याच एका पोटशाखेला जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे 2021 रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिलं. देशांची नावं वापरून कुणाला कमीपणा येऊ नये म्हणून ग्रीक अक्षरं; बारसं अगदी सभ्यपणे झालं. आणि 3 जूनला वंडलूरमध्ये नीला नावाची नऊ वर्षांची सिंहीण गेली. पंधरवड्यात एक बारा वर्षांचा सिंहही गेला. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने चार सिंहांचे नमुने वाचले : चारही डेल्टा. संग्रहालय तेव्हा लोकांसाठी बंद होतं. तिथे डास नको होता, माशी नको होती. माणसाचा श्वास पुरला असावा.

डेंगीवाल्यांनाही याच पत्रात दोन शब्द. डेंगीसारख्या तापाची आपल्याकडची सगळ्यात जुनी नोंद या मद्रास शहराचीच सांगतात, 1780ची, म्हणजे तेव्हा पेशवाई होती. तुम्ही चार भाऊ. एकाची लागण झाली की त्याच्यापुरती प्रतिकारशक्ती जन्मभर राहते, बाकी तिघांपासून संरक्षण जेमतेम काही महिने. पुढे दुसरा भाऊ आला, की जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात खरी, पण मारत नाहीत. उलट धरून पेशीच्या आत पोचवतात. म्हणजे इथेही गाडीचाच मामला, आणि गाडी आमच्याच पैशाची. म्हणूनच दुसऱ्यांदा होणारा डेंगी जास्त धोक्याचा असू शकतो. फिलिपिन्समध्ये 2016 पासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना लस टोचली गेली. पुढच्या वर्षी कंपनीनेच सांगितलं, की ज्यांना आधी डेंगी झालेला नाही त्यांना तिने पुढचा आजार जास्त तीव्र होऊ शकतो. मोहीम बंद पडली, आणि लोकांचा इतर लशींवरचाही विश्वास उडाला. आपल्याकडच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाली, दहा हजारांहून अधिक प्रौढांवर. चौघांनाही एका कुपीत गाठायचं आहे, म्हणून वेळ लागतोय. तोवर इथे निलवेंबू कुडिनीर नावाचा काढा आहे. शेजारच्या मामींनी मला आठवडाभर पाजला. त्याने ताप उतरला की नाही हे देव जाणे. जिभेवरची कडू चव मात्र ताप उतरल्यावरही राहिली.

टोमॅटोचा विषय काढल्याशिवाय माझ्या माहेरची माणसं मला माफ करणार नाहीत. मे 2020. देश घरात कोंडलेला. संगमनेर, अकोले, नारायणगाव भागात टोमॅटो पिकताना एकसारखे लाल होईनात : कुठे पिवळा डाग, कुठे पांढुरका, कुठे हिरवा. शेतकऱ्यांनी नाव दिलं, ‘तिरंगा’. नमुने बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत गेले आणि एकाहून जास्त विषाणू मिळून आल्याचं दिसलं, त्यांत मोठा हात काकडीच्या मोझॅक विषाणूचा. हे महाशय हजार-बाराशे प्रकारच्या वनस्पतींवर चालतात. यांचा मजकूर तीन वेगवेगळ्या कणांत वाटून ठेवलेला असतो आणि तिन्ही पोचल्याखेरीज काम होत नाही. त्यामुळे दोन वाणांच्या तुकड्यांची सरमिसळ करायला तर फारच सोपं. यांची गाडी म्हणजे मावा. त्याने रोगट पानात सोंड टोचली की काही सेकंदांत तुम्ही वर, पुढच्या झाडावर टोचली की काही सेकंदांत खाली.

हे सगळं शेतापुरतं होतं. पण माणसांच्या विषाणूची साथ चालू, लोक घाबरलेले, आणि अशात पडद्यावरून विचारणा सुरू झाली, की हा टोमॅटोतला विषाणू माणसाला करोनापेक्षा घातक तर नाही ना? नाही. वनस्पतींचे विषाणू माणसाच्या पेशीत शिरून वाढत नाहीत. ढोबळी मिरचीवरचा एक विषाणू तर आपण तिखटामसाल्याबरोबर सतत गिळत असतो. तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, इतका न चुकता, की पाण्यात सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला जगभर त्यालाच शोधतात. पण हे सांगायला कुणाला सवड होती? टोमॅटोचा भाव आधीच लॉकडाउनने पडलेला, तो आणखी पडला. तुम्हाला माणसात यायला गाडी मिळाली नव्हती. अफवेला घरोघरी मिळाली. विषाणूराव, त्या वर्षी टोमॅटोवाल्यांचं नुकसान तुम्ही अर्धंच केलंत. उरलेल्याचं श्रेय कृपया घेऊ नका, ते दुसऱ्यांचं आहे.

आता तुमच्या वेलचेरीतल्या सोयीसुविधांविषयी. तळ्याकाठचं हे गाव, दक्षिणेला पल्लिकरणैची दलदल, मध्ये घरं, मॉल आणि ऑफिसं. डिसेंबर 2015 मध्ये पाणी घरात शिरलं, डिसेंबर 2023च्या मिचौंग वादळातही शिरलं. पण पुराचं वाहतं, गढूळ पाणी तुमच्या डासाला आवडत नाही. तो स्वच्छतेचा भोक्ता. त्याला हवं पूर ओसरल्यावर मागे राहिलेलं, आणि त्यानंतर पुराच्या भीतीने नव्हे तर टंचाईच्या भीतीने साठवलेलं पाणी. या शहरात दोन्ही भीती एकाच वर्षात भेटतात. महापालिकेच्या डास शोधणाऱ्या बाया पावसाळ्यात दारोदार फिरतात. आमच्याकडे येणाऱ्या अक्कांनी टॉर्च टाकून सम्प, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, पाहिला, गच्ची पाहिली, भेंडीच्या पिशव्यांखालच्या थाळ्या उलट्या करून पाहिल्या, मग फ्रिज पुढे ओढायला लावून मागच्या तबकात वाकल्या. तिथे काही नव्हतं. सापडलं ते शेजारच्या अर्धवट राहिलेल्या इमारतीत, लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यात. वितीएवढ्या पाण्यात टॉर्चचा उजेड पडला, तशा सगळ्या अळ्या एकदम वळवळत तळाशी गेल्या. इतक्या, की तळ दिसेना. अक्कांनी वहीत लिहून घेतलं. मालकाचा फोन लागला नाही. महिनाभराने धुराचं मशीन घेऊन मुलगा आला, खड्ड्यावर, रस्त्यावर आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सारख्याच निष्ठेने धूर सोडून गेला. अळ्या पाण्याखाली होत्या, त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

ताप उतरल्यानंतर मी तीन महिने सकाळी बरणीचं झाकण उघडू शकले नाही. मनगट वळायचंच नाही. ज्वारीची भाकरी थापायचं तर नावच नको; परभणीच्या बाईने इडलीवर दिवस काढले, तेही शेजारच्या मामींनी पाठवलेल्या. जिना चढताना एक पाय वर, मग कठड्याला धरून दुसरा. तुमच्या लेखी ही सगळी थांब्यावरची हालहवाल.

एक तक्रार तुमच्याविरुद्ध नाही, पण तुमच्यामुळे उघडी पडली म्हणून लिहिते. 2021 नंतर या देशाला तुमची अक्षरं वाचायची चांगलीच सवय लागली. करोनाचं नवं वाण आलं की आठवड्यात नाव, महिन्यात आलेख. पण तुमच्या चिकुनगुनियाच्या भावाला अजूनही गल्लोगल्ली ‘वायरल फीवर, मा’ एवढ्यावर बोळवलं जातं, आणि भेंडीच्या पानाकडे तर कुणी बघतही नाही. पुण्यात, बेंगळुरूत, मदुराईत, परभणीत माणसं आहेत, यंत्रं आहेत. यवतचा डास 2000 सालीच हातात आला होता. आम्हाला कमी पडतात ती माणसं नव्हेत, पाठवलेले नमुने. ताप आलेल्याचं रक्त, पिवळ्या पडलेल्या पानाचा तुकडा वेळेवर वाचला गेला, तर तुमच्या खिशात कुठल्या गाडीचं तिकीट आलंय ते आम्हाला तुमच्याइतक्याच लवकर कळू शकतं. तुमच्या आधी नव्हे. तेवढी आमची ऐपत नाही.

कळावे. उत्तराची अपेक्षा नाही. तुमची उत्तरं कशी येतात ते ठाऊक आहे.

आपली,
गच्चीवरची एक भेंडीवाली

ता. क. : हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांनी चार गोष्टी कराव्यात. साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून भांडं आतून घासावं, कारण इडिसची अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. ताप आला तर डेंगी नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटॅमॉलवर भागवावं आणि रक्ततपासणीचा आग्रह धरावा. भेंडीच्या एका पानाची शीर पिवळी दिसली की ते झाड त्याच दिवशी मुळासकट उपटून टाकावं. फवारणीने पांढरी माशी मरेल, पण लागण झालेलं झाड बरं होत नाही. आणि विषाणूने डाग पडलेला टोमॅटो खुशाल खावा. चवीला कमी असेल, अपायकारक नाही.